अंदाजपत्रक

शनिवारी रात्री आठला युरोप पुन्हा वाटला जाईल.
सन चौदाशे बावन्न. सगळ्यांच्या तिजोऱ्या सारख्याच रिकाम्या.
आज गुरुवार. सेतूबालमधल्या माझ्या औषधांच्या दुकानाचं
शटर अर्धं ओढून
पावत्यांच्या कोऱ्या पाठीवर
मी शत्रू लिहायला बसलोय.

बेल्मिरा, एव्होराची. दंतवैद्य.
मागच्या खेपेला हंगेरी घेऊन सत्तर वर्षं
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
एकाहत्तराव्या वर्षी व्हिएन्ना उपटली, मुळासकट,
आणि माइकवर हळूच म्हणाली, "दुखलं का?"

ओदिलॉन, ब्रागाचा, विमा कचेरीतला.
बोलतो तेव्हा त्याच्याकडे सैन्य नसतं.
गप्प झाला की दारं लावून घ्यावीत.

गाश्पार आणि बाल्तझार, सख्खे भाऊ.
ऑलिव्हच्या बागेवरून सहा वर्षं कोर्टात उभे,
नकाशावर मात्र एकमेकांच्या सीमेवर
एक किल्ला बांधत नाहीत.
त्यांच्यात फूट पाडायचा नाद मी सोडलाय.
जे वकिलांना जमलं
ते मला जमणार नाही.

झुल्मिरा. सार्डिनच्या कारखान्यात चाळीस वर्षं हिशेब लिहिले.
दोन गल्ल्या पलीकडे राहते, गोळ्या माझ्याकडूनच नेते.
तिचा रक्तदाब मला तोंडपाठ,
तिची चाल कधीच नाही.
पावतीवर लिहिलं: हातचं राखून खेळते. कुणासाठी?

आणि यंदा एक नवा. दुआर्त, एकोणीस वर्षांचा,
तर्सेइरा बेटावरून. मागे सतत वारा ऐकू येतो.
ओळख करून देताना त्याने एवढंच विचारलं:
"जे देश कुणी घेत नाही ते कोण खेळतं?"
यंत्र, आम्ही म्हणालो.
"मग आधी त्यांनाच भेटतो."
शितावरून भाताची परीक्षा.
या भाताची मला धास्ती वाटते.

मी पोर्तुगाल घेईन. दरवर्षी तोच उरतो.
घरचं जेवण हॉटेलात कोण मागवतं?

मग ओदिलॉनला नियमांची फाईल मागितली
आणि त्याने घाईत दुसरीच पाठवली.
मिनिटभरात काढून टाकली.
मिनिट खूप होतं.
आम्ही सगळे होतो तिच्यात, एकाखाली एक,
बेल्मिराबद्दल जवळजवळ माझेच शब्द,
आणि खाली:

"फाउस्तिनू. आरमार चांगलं. कर्ज काढायला घाबरतो.
दहाला उठतो, वडिलांची सुई. पंधरा मिनिटं.
त्या वेळात त्याच्या सीमेवर कुणी जायचं नाही.
झुल्मिराने ठरवून दिलंय. त्याला कळू देऊ नये."

तीन हिवाळे.
हात धुऊन परत यायचो, हेडफोन चढवायचो,
सीमा जशीच्या तशी. आणि मला वाटायचं,
माझ्या किल्ल्यांना वचकून आहेत लेकाचे.
एकदा तर बढाई मारली होती त्यावर, मोठ्याने,
सगळ्यांच्या देखत,
आणि सहा माइकांवर
कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

युद्धात कमावलेलं तहात गमावतात म्हणे.
मी न केलेल्या तहावर
राज्य करत होतो.

राग आला. खरं सांगायचं तर आधी रागच आला,
गोळ्यांच्या पट्टीतली एक गोळी कुणी फुकट टाकावी तसा.
झुल्मिराच्या नावापुढचा प्रश्न खोडला,
पुन्हा लिहिला,
पावती उलटी केली. पुढच्या बाजूला
कुणाचं तरी खोकल्याचं औषध,
दोन चमचे, जेवणानंतर.

सोमवारी ती गोळ्या न्यायला येईल.
काही बोलायचं नाही, हे ठरलंय.
पण दुआर्तला कुणी सांगितलंय का?
नसेल सांगितलं तर मी सांगू? कोणत्या तोंडाने?
शनिवारी दहाला सुई हातात घेऊन
बहुतेक दारातच क्षणभर थांबेन,
आत वडील बाही वर सरकवून बसलेले,
आणि टेबलावर काढून ठेवलेल्या हेडफोनमधून
येत असेल बारीक
बेटावरचा वारा.